१.६ लिटरच्या मियाटावर १.८ चे ब्रेक: पेडल एकदाचं वर आलं

मंडळी, मोठे ब्रेक बसवल्यापासून खाली जाणारं पेडल कडक झालं! मागच्या वेळी ज्यांनी ज्यांनी ‘मास्टर सिलिंडर (पेडलच्या जोराने ब्रेकचं तेल चाकांकडे ढकलणारा) बदलून मोठा टाक’ असा सल्ला दिला होता, त्यांनी हे जरूर वाचा. मास्टरला मी हातही लावलेला नाही.

गाडी तीच, १९९१ ची, १.६ लिटर इंजिनाची एनए (पहिल्या पिढीची) माझदा मियाटा, अजून मूळच्या १४ इंची सात काड्यांच्या चाकांवर. तिला १९९४ पासूनच्या १.८ लिटरच्या मियाटाचे ब्रेक बसवले. पुढची डिस्क २३५ वरून २५५ मिमी, मागची २३१ वरून २५१. कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) ज्यावर बसतो ते चारही ब्रॅकेट न्यू जर्सीतल्या भंगार यार्डातल्या १९९५ च्या गाडीवरून काढून आणले. डिस्क आणि पॅड नवे घेतले. पुढचं काम एका सकाळी आटोपलं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. हिवाळ्यात बर्फासाठी मीठ टाकलेल्या इथल्या रस्त्यांनी मागच्या उजव्या कॅलिपरच्या पिस्टनला रबराखाली गंज चढवला होता, म्हणून तेवढा एक ‘रीबिल्ट’ (जुना दुरुस्त केलेला) कॅलिपर ऑनलाइन मागवला. दुकानाचं नाव घेत नाही, पण खोक्यावर ‘टेस्टेड’ असा शिक्का होता हे लक्षात ठेवा.

सगळं जोडलं, हवा काढली, आणि पेडल निम्म्याहून खाली. दोनदा पंप केलं की वर येई, थोड्या वेळाने पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

आता मोठ्या मास्टरचा मुद्दा. एनएला ७/८ इंची मास्टर असतो, सुचवलेला १५/१६ चा. क्षेत्रफळ साधारण १५ टक्क्यांनी वाढतं, म्हणजे तेवढंच तेल कमी प्रवासात ढकललं जातं आणि पेडल वर येतं. खरं आहे. पण पायाला जोरही तेवढाच जास्त लागतो. आणि मुळात गरजच का पडावी? १.६ आणि १.८ चे कॅलिपर तेच आहेत, पिस्टन त्याच मापाचे. बदलतो तो ब्रॅकेट, जो कॅलिपरला मोठ्या डिस्कसाठी बाहेर सरकवतो. फायदा मिळतो तो त्रिज्येत वाढलेल्या १० मिमीचा. तेल पूर्वीइतकंच लागणार, मग पेडल खाली जायचं कारण काय? दुखणं दुसरीकडेच होतं, मोठ्या मास्टरने ते फक्त झाकलं गेलं असतं.

हवा असेल म्हणून पुन्हा पुन्हा ब्लीडिंग (तेलातली हवा काढणं) केलं. व्हॅक्यूम पंप घेऊ नका हो. कॅलिपरवरच्या हवा काढायच्या निपलच्या आट्यांमधून बाहेरचीच हवा आत खेचतो आणि नळीत बुडबुडे काही संपत नाहीत. शेवटी जुनी पद्धत: बायको आत बसून पेडलवर, मी गाडीखाली, ‘दाब... धरून ठेव... सोड’. तेल काचेसारखं स्वच्छ आलं, पेडल मात्र तसंच.

मग होज चिमट्याने दाबायची युक्ती केली. चाकांकडे तेल नेणारे चारही रबरी होज हलकेच दाबून बंद केले, तर पेडल दगडासारखं! मास्टर निर्दोष सुटला. एकेक चिमटा काढत गेलो. पुढचे दोन, काही फरक नाही. मागचा डावा, फरक नाही. मागचा उजवा काढला आणि पाय सरळ खाली. (स्टीलच्या जाळीचे होज लावलेले असतील तर हे करू नका, चिमट्याने त्यांची वाट लागेल. जुन्या तडकलेल्या रबरावरही नको.)

मागच्या कॅलिपरची गंमत तुम्हाला माहीतच आहे, पॅड आणि डिस्कमधलं अंतर हाताने लावावं लागतं: १४ च्या पान्याने मागचं बूच काढायचं, आत ४ मिमीची अ‍ॅलन की घालायची, पॅड डिस्कला घट्ट धरेपर्यंत घड्याळाच्या दिशेने फिरवायची आणि एक तृतीयांश फेरा मागे घ्यायची. डाव्या बाजूला हे बरोबर झालं होतं. उजवीकडे की फिरत होती, पण पॅड कधी चावतच नव्हते. बाहेर काढून टेबलावर घेतला तेव्हा दिसलं: की गरागरा फिरतेय आणि पिस्टन जागचा हलत नाही, तुटक्या दोराच्या रहाटासारखं. आतल्या अ‍ॅडजस्टर गिअरचे दात झिजून गुळगुळीत. वर चकचकीत रंग! पिस्टन पार मागे राहत होता, आणि ती फट भरण्यातच पेडलचा निम्मा प्रवास जात होता. हँडब्रेकही त्यामुळेच नुसता वर येत होता.

रीबिल्ट परत पाठवला. माझा जुना कॅलिपर सुदैवाने अजून डिपॉझिट परत मिळवायला दुकानाला पाठवला नव्हता. त्याचा गिअर ठणठणीत निघाला, पिस्टनचं बोअरही साफ. नवा पिस्टन, सीलचा संच, होज कॅलिपरला जोडणाऱ्या बँजो बोल्टला तांब्याचे नवे वायसर, आणि बसवला. हँडब्रेक आता सहा टिक-टिकमध्ये धरतो, पुस्तकात पाच ते सात आहे. पेडल वरच्या वरच पकडतं. नवे पॅड डिस्कवर रुळवायला रिकाम्या रस्त्यावर गेलो तेव्हा आनंदाने दोन ब्रेक उगाच जास्तच मारले.

पुढचा बेत याहून मोठ्या ‘स्पोर्ट’ ब्रेकचा होता, पुढे २७० आणि मागे २७६ मिमी. पण त्याला १५ इंची चाकं लागतात, आणि ही सात काड्यांची मला काढवत नाहीत. शिवाय मागे गाडीखाली पडलेलो असताना बम्प स्टॉप (शॉकचा प्रवास संपताना धक्का झेलणारे ठोकळे) पाहिले, भुगा झालाय त्यांचा. मास्टरचे वाचलेले पैसे आता एनबीच्या (दुसऱ्या पिढीच्या मियाटाच्या) शॉकच्या वरच्या माउंटवर. एनएवर सरळ बोल्ट होतात आणि शॉकचा दाबला जाण्याचा प्रवास वाढतो, खड्ड्यात गाडी आपटणं कमी होईल. खरं तर माउंट सुटे घेण्यापेक्षा एनबीचे शॉक-स्प्रिंगसकट आख्खे संच मिळाले तर... हे लिहितानाच सुचतंय, शॉकही तसे म्हातारेच झालेत. हो, तेच करू.

अडचण पुढचे शॉक काढताना सोडवायच्या, सस्पेन्शनच्या वरच्या आर्मच्या लांब बोल्टची आहे. डावा हलतो, उजवा बुशमध्ये गंजून बसलाय. आजपासून रोज रात्री तेल सोडतोय. कोणाकडे एनबीचे मागचे संच पडून असतील तर कळवा, पुढचे यार्डात दिसलेत.