जुन्या पद्मिनीच्या इंजिनातील टकटक : माझा अनुभव

आमच्याकडे १९८७ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. गेल्या हिवाळ्यात तिच्या इंजिनातून सकाळी गाडी सुरू करताच धातूवर धातू आपटल्यासारखी टकटक ऐकू येऊ लागली. रेस दिल्यावर तिचा वेग वाढत असे आणि पुण्याच्या रहदारीत थोडे अंतर कापल्यावर ती हळूहळू विरून जात असे. गॅरेजमध्ये पोहोचेपर्यंत इंजिन तापलेले असल्याने तिथे काहीच ऐकू येत नसे. त्यामुळे पहिली गोष्ट मी ही केली, की गाडी रात्रभर गॅरेजमध्येच ठेवली आणि मेकॅनिकला सकाळी माझ्यासमोर ती सुरू करायला लावली.

या गाडीचे इंजिन १०८९ सीसीचे, चार सिलिंडरचे आणि पुशरॉडचे, म्हणजे उभ्या दांड्यांनी व्हॉल्व्ह उघडणारे, आहे. ते कानाने ओळखणारे कारागीर आता कमी होत चालले आहेत. मुंबईतील शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपल्यापासून तर नवीन मुलांना हे इंजिन हाताळायलाही मिळत नाही. आमचे मेकॅनिक मात्र जुन्या पिढीतले आहेत. त्यांनी बॉनेट उघडून थोडा वेळ ऐकले आणि टॅपेट सेटिंग (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांमधील फट मापात आणणे) करून पाहू, असे सुचवले. फीलर गेज (फट मोजण्याच्या पातळ पट्ट्या) घेऊन थंड इंजिनावर आठही टॅपेट त्यांनी व्यवस्थित लावले. वरची हलकी टिकटिक बरीच कमी झाली, पण मूळ टकटक होती तशीच राहिली.

त्यानंतर पट्ट्याची पाळी आली. पट्टा काढून इंजिन अर्धा मिनिट चालवले, तर पाण्याचा पंप, पंखा आणि अल्टरनेटर (आमच्या गाडीत तो नंतर कधीतरी डायनॅमो काढून बसवलेला आहे) एकदम बाजूला पडतात. टकटक कायम राहिली, म्हणजे या तिघांचा तिच्याशी संबंध नव्हता. या चाचणीत पाणी फिरत नसल्यामुळे इंजिन जास्त वेळ चालवू नये. क्लच दाबून पाहिल्यानेही आवाजात फरक पडला नाही, त्यामुळे क्लच दाबल्यावर काम करणाऱ्या रिलीज बेअरिंगचा संशयही गेला.

मग मेकॅनिकने एकेका प्लगची वायर काढून पाहिली. पॉइंट (ठिणगीसाठी प्रवाह तोडणारा यांत्रिक स्विच) असलेल्या जुन्या इग्निशनमध्ये हे इन्सुलेशन असलेल्या पकडीने आणि वायर बॉडीला टेकवून करता येते. नव्या, इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या गाडीवर हा प्रयोग करू नये, कारण तिथे महागडे भाग जळू शकतात. तीन नंबरची वायर काढताच टकटक जवळजवळ थांबली. मेकॅनिकने हातातील पकड खाली ठेवली आणि म्हणाले, ‘‘साहेब, तीन नंबरचं बिग एंड बेअरिंग गेलंय. इंजिन खोलावं लागेल.’’

बिग एंड म्हणजे पिस्टनचा दांडा (कनेक्टिंग रॉड) क्रँकशाफ्टला जोडला जातो ते टोक. त्यांचा निष्कर्ष अनुभवातून आलेला होता. ज्या सिलिंडरचे बेअरिंग झिजलेले असते, त्यातला स्फोट बंद केला की कनेक्टिंग रॉडवरचा दाब जातो आणि ठोका मंदावतो. परंतु मला एक गोष्ट पटत नव्हती. झिजलेल्या बेअरिंगचा ठोका इंजिन तापल्यावर, ऑइल पातळ झाल्यावर आणि चढावर भार आल्यावर वाढायला हवा. आमचा आवाज तर तापल्यावर नाहीसा होत होता. आवाज कसा आहे, यावर माणसे तासन्‌तास वाद घालतात. तो केव्हा येतो आणि केव्हा जातो, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही, आणि माझ्या मते निदानाचा निम्मा भाग त्यातच असतो. मी इंजिन खोलण्याआधी ऑइल प्रेशरचा मीटर लावून पाहण्याची विनंती केली. बेअरिंग झिजलेले असते तर ते कमी दिसायला हवे होते, पण गरम इंजिनावरही प्रेशर चांगले होते.

थंडपणी येणारा, तापल्यावर जाणारा आणि प्लग बंद केल्यावर कमी होणारा आवाज दोन ठिकाणांहून येऊ शकतो. एक म्हणजे सिलिंडरमध्ये सैल झालेला पिस्टन, जो तापून फुगला की नीट बसतो. दुसरे म्हणजे एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या (सिलिंडरमधील जळका वायू बाहेर नेणाऱ्या नळ्यांच्या) पॅकिंगमधील गळती. बिडाचा मॅनिफोल्ड तापून प्रसरण पावला की फट बुजते, आणि प्लग बंद असताना त्या सिलिंडरमधून जोरदार झोतच बाहेर पडत नसल्याने आवाज विरतो. म्हणजे प्लगची चाचणी सिलिंडर बरोबर दाखवते, पण दोष आत आहे की बाहेर, हे तिला सांगता येत नाही.

पिस्टनची शंका तपासण्यासाठी तीन नंबरच्या प्लगच्या भोकातून थोडे इंजिन ऑइल सोडून गाडी पुन्हा सुरू केली; पिस्टन सैल असता तर ऑइलने फट भरून आवाज कमी झाला असता. सायलेन्सरमधून भरपूर धूर निघाला, आवाजात मात्र तसूभरही बदल झाला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी, थंड इंजिनावर, रबरी नळीचे एक टोक कानाशी धरून दुसरे टोक मॅनिफोल्डच्या कडेने फिरवले. (पंख्यापासून हात, नळी आणि कपडे दूर ठेवावेत, या गाडीचा पंखा इंजिन चालू असेपर्यंत फिरत असतो.) तीन नंबरच्या तोंडाशी आल्यावर ठोक्याऐवजी ‘फस्‌ फस्‌’ असा स्पष्ट झोत ऐकू आला. सहकाऱ्याने सायलेन्सरचे तोंड जाड, ओल्या फडक्याने क्षणभर दाबताच तो वाढला. अशा वेळी काही जण अगरबत्तीचा धूर धरून गळती शोधतात, परंतु कार्ब्युरेटर आणि पेट्रोलची नळी असलेल्या इंजिनाजवळ पेटती वस्तू नेणे मला मुळीच मान्य नाही.

मॅनिफोल्ड काढल्यावर तीन नंबरच्या भोकाभोवती काजळीचा काळा पंखा उमटलेला दिसला आणि त्या बाजूचे पॅकिंग एका कोपऱ्यात जळून गेलेले होते. मेकॅनिकने तो तुकडा बोटावर घासून पाहिला आणि इंजिन खोलण्याचा विषय पुन्हा काढला नाही. खरा त्रास स्टडने (मॅनिफोल्ड हेडला धरून ठेवणाऱ्या आट्यांच्या दांड्याने) दिला. गंजलेला एक स्टड हेडमध्येच तुटला. त्यावर नट वेल्डिंग करून तो फिरवून काढावा लागला, आणि या कामाला बाकी सगळ्या कामापेक्षा जास्त वेळ लागला. मॅनिफोल्डची बैठक किंचित वाकलेली होती, म्हणून फेसिंग मारून (ती सपाट करून) घेतले. पॅकिंग आणि स्टड नाना पेठेत मिळाले. इंजिन गरम होऊन पूर्ण थंड झाल्यावर नट पुन्हा एकदा मधून बाहेरच्या बाजूला, सगळे सारखे आवळले.

आता सकाळी टॅपेटची हलकी टिकटिक तेवढी ऐकू येते. ती मी मुद्दाम राहू दिली आहे, कारण आवाज पूर्ण बंद करण्यासाठी फट मापापेक्षा कमी केली, तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नीट बसत नाही आणि जळतो.