देवरिया ताल: चौखंबा पाण्यात बघायचा तर पहाटे पाचला निघा

उत्तराखंडातल्या देवरिया ताल या डोंगरी तळ्यावर माणसं जातात ती चौखंबा या हिमशिखराचं प्रतिबिंब बघायला, आणि ते दिसणार की नाही हे वारा ठरवतो. रात्रभरात गार झालेली हवा पहाटे दरीत बसून असते, तोवर पाणी निश्चल. ऊन चढून उतार तापले की दरीतून वर वारा सुटतो. शरदात हे बहुधा आठ-नऊच्या सुमारास होतं. मग शिखर समोर लख्ख उभं असलं तरी पाण्यात नुसत्या सुरकुत्या. नाश्ता करून आरामात निघणाऱ्यांच्या वाट्याला हेच येतं.

म्हणून मुक्काम पायथ्याच्या सारी गावातच करावा. ऋषिकेशहून देवप्रयाग, श्रीनगर (काश्मीरचं नव्हे, गढवालचं), रुद्रप्रयाग, कुंड, उखीमठ असा दिवसभराचा घाटरस्ता आहे. ऋषिकेश पहाटेच सोडलं तर उजेडात पोहोचता येतं. उखीमठहून सारीला शेअर जीप मिळतात, पण दुपार कलली की त्या कमी होतात आणि मग अख्खी गाडी करावी लागते. वाटेत उखीमठला रोख पैसे काढून घ्यावेत. वन विभागाचं प्रवेशशुल्क, चहा, मॅगी हे सगळं वर रोखीत द्यायची तयारी हवी, कारण मोबाईलची रेंज बेभरवशाची.

सारी साधारण २,००० मीटरवर, ताल २,४०० मीटरच्या थोडा वर. अंतर जेमतेम अडीच-तीन किलोमीटर. आतकरवाडीच्या वाटेने सिंहगड चढणाऱ्याला चढ कमीच वाटेल, फरक उंचीचा आणि थंडीचा. सवय असलेला माणूस सव्वा तासात, मुलंबाळं बरोबर असतील तर दोन तासांत वर. ऑक्टोबरच्या मध्याला सूर्योदय सव्वासहाच्या आसपास होतो, त्यामुळे पाचला गाव सोडायचं, मुलं असतील तर चारलाच.

वाट दगडी फरसबंद आहे, चुकण्यासारखी नाही. गावाच्या वर ओंकार रत्नेश्वर महादेवाचं जुनं दगडी देऊळ लागतं. ते उतरताना बघावं, अंधारात काही दिसत नाही. दवाने दगड बुळबुळीत झालेले असतात आणि घसरायला होतं ते उतरताना. पाऊल सपाट टाकावं, टाच आधी नको. झिजलेल्या तळव्याचे स्पोर्ट्स शूज इथे दगा देतात. मोबाईलचा टॉर्च नको, डोक्याला बांधायचा घ्यावा, हात मोकळे राहतात. जंगलात काळं अस्वल आहे आणि शरदात ते बांजाच्या (हिमालयातल्या ओकच्या) फळांवर ताव मारायला फिरत असतं. एकट्याने पुढे जाऊ नये. इथे ट्रेकमधली अखंड बडबड उपयोगाची ठरते.

कपड्यांचा घोळ ठरलेला. थंडी वाजते म्हणून खालूनच जाडजूड जाकीट घालून निघायचं, अर्ध्या वाटेत घामाने चिंब व्हायचं आणि काठावर बसून कुडकुडायचं. चढताना दोनच पातळ थर, जाकीट सॅकमध्ये. वर पोहोचताच ओला बनियन बदलायचा, मग कानटोपी आणि जाकीट. ऑक्टोबरमध्ये पहाटेचा पारा ५ अंशांच्या आसपास, नोव्हेंबरात शून्याकडे. तेव्हा काठचं गवत पांढरं पडलेलं असतं. पाणी माणशी दीड लिटर घ्यावं. तलावाचं पिऊ नये आणि त्यात हातपायही धुऊ नयेत.

चौखंबा (७,१३८ मीटर) तलावाच्या ईशान्येकडे, म्हणून उभं राहायचं दक्षिणेच्या काठावर. डावीकडे केदारनाथ शिखर (६,९४० मीटर). पहिलं ऊन चौखंब्याच्या उजव्या कडेला लागतं आणि मग खाली सरकतं. फोटो काढणाऱ्यांनी पोलरायझिंग फिल्टर काढून ठेवावा, तो प्रतिबिंबच पुसट करतो. कॅमेरा पाण्यालगत खाली न्यावा. नजर जितकी तिरपी, तितकं प्रतिबिंब ठळक. पाण्यातलं शिखर खऱ्यापेक्षा काळपट येतं, म्हणून एक्स्पोजर बर्फावर धरावं. वारा येतो तेव्हा आधी पलीकडच्या काठाला पाण्यावर एक खरखरीत काळा पट्टा उमटतो. तो अलीकडे सरकेपर्यंतच काय ती सवड.

यक्षाने युधिष्ठिराला प्रश्न विचारले ते याच तळ्याकाठी, असं इथले लोक सांगतात. पानगळीचे रंग मात्र शोधू नका. बांज आणि बुरांश (ऱ्होडोडेंड्रॉन) दोन्ही सदाहरित, आणि बुरांशाची लाल फुलं वसंतातली. शरदाचे रंग खाली सारीच्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांत आहेत: राजगिऱ्याची किरमिजी कणसं, शेजारी पिकलेली नाचणी, अंगणात वाळत घातलेला चारा. वरच्या जंगलातली शरदाची कमाई म्हणजे पावसाने धुतलेली हवा. मान्सून परतल्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंतचा काळ आमच्या मते सर्वोत्तम. एप्रिलमध्ये फुलं असतात, पण धुरकटपणाही असतो.

दहापर्यंत खाली उतरता येतं. दिवाळीच्या सुट्टीत जाणार असाल तर एक ध्यानात ठेवा: केदारनाथचे दरवाजे भाऊबीजेला बंद होतात आणि त्यानंतर देवाची डोली (पालखी) उखीमठच्या ओंकारेश्वर मंदिरात येते. त्या दोन-तीन दिवसांत उखीमठला खोल्या आणि जीप दोन्हींची मारामार असते, त्यामुळे सारीतली खोली आणि परतीची गाडी आधीच सांगून ठेवावी.