पडद्यांचा रंग आणि एक चार्जर

झाला एकदाचा आमच्या महिला क्लबचा चॅरिटीचा कार्यक्रम! घर सोडावं लागलेल्या बायकांच्या निवाऱ्यासाठी. २५ नोव्हेंबर मुद्दाम धरला, महिलांवरच्या हिंसाचाराविरुद्धचा दिवस, १९९९ साली संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेला. पडद्यांच्या रंगावर दोन मीटिंगा गेल्या, ते जाऊ दे.

निवाऱ्यातल्या ताई बोलायला आल्या, पत्ता काही त्यांनी सांगितला नाही, कारण नवरे शोधत येतात. म्हणाल्या, जुने कपडे पुरे झाले, नवे आतले कपडे द्या, पॅड द्या, चार्जर द्या, बाई रात्री अंगावरच्या कपड्यांनिशी निघते, कागदपत्रं घरीच राहतात आणि मग बँकेपासून पोरांच्या शाळेपर्यंत सगळंच अडतं.

मी आणलेली जुन्या ड्रेसची पिशवी गपचूप खुर्चीखाली सरकवली. निघताना बघितलं तर दारातल्या खोक्यात कुणीतरी पर्समधला स्वतःचाच चार्जर टाकून गेलेलं, वायर अजून गुंडाळलेली.