दहावी पांढुर्ण्याची

सिव्हिल लाईन्समधल्या एका वकिलांच्या ऑफिसात मी एकोणीस वर्षांपासून टायपिंग करतो. ॲडमिशनचा हंगाम आला की आमच्या जिन्यावर आई-बापांची रांग लागते. प्रत्येकाच्या हातात कापडाच्या दुकानाची पिशवी आणि पिशवीत झेरॉक्स. वर्षभर जमिनीचे दावे टाईप करणारा मी तेवढे दोन महिने पर्सेंटाईलमध्ये जगतो.

मागच्या ऑगस्टात नरखेडकडचे एक संत्रावाले शेतकरी आले. मुलगी नीट पास, मार्क चांगले. पण एमबीबीएसच्या राज्य कोट्याच्या यादीत नाव नाही. सायेब कोर्टात होते, म्हणून मीच पिशवी उपसली. डोमिसाईल होतं, जात पडताळणी होती, बारावी नागपूरची होती. दहावीची मार्कशीट मात्र मध्य प्रदेश बोर्डाची निघाली.

‘‘पांढुर्ण्याला तिचं आजोळ हाय नं जी,’’ ते म्हणाले. ‘‘वावर नरखेडात, राशनकार्ड नरखेडचं. पोरगी तेवढी तिकडं शिकली. पांढुर्ण्यात काय मराठी बोलत नाहीत का?’’

बोलतात की. घरोघरी बोलतात. पण राज्य कोट्यासाठी दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून हवी. सूट आहे, पण ती बदलीच्या नोकरीवाल्यांच्या पोरांना. आजोळाला सूट नाही. (असायला हवी, असं माझं मत. टायपिस्टच्या मताला कोर्ट फी लागत नाही.)

मग त्यांनी ठेवणीतलं काढलं. ‘‘त्या डॉक्टर पोरांचं कोर्टानं ऐकलंच होतं नं? इथंच, नागपुरात.’’

ऐकलं होतं. 2019 चा मे. मराठा आरक्षणाचा 16 टक्क्यांचा कायदा लागू झाला 30 नोव्हेंबर 2018 ला, आणि मेडिकलच्या पीजीची प्रवेश प्रक्रिया त्याच्या आधीच सुरू झालेली. खुल्या गटातली पोरं आमच्या खंडपीठात आली. 2 मे रोजी निकाल लागला : यंदाच्या पीजीला हे आरक्षण लागू नाही. 9 मे रोजी सुप्रीम कोर्टानंही सरकारचं अपील फेटाळलं. ती केस आमच्या ऑफिसची नव्हती, तरी निकालाची प्रत मी वाचून काढली, कूलरसमोर बसून, पानं उडू नयेत म्हणून त्यावर पंचिंग मशीन ठेवून. आरक्षण बरोबर की चूक, यावर तो निकाल नव्हताच. आधी काय झालं, कायदा की प्रक्रिया, एवढाच प्रश्न. पुढे 20 मे रोजी सरकारनं वटहुकूम काढून तारखेचीच अडचण दूर केली आणि जिंकलेली पोरं पुन्हा हवेत लटकली, ते वेगळं.

‘‘तुमच्या पोरीनं फॉर्म भरला तेव्हा दहावीचा नियम होता का?’’

ते गप्प. माहितीपुस्तिकेची प्रिंट त्यांच्याच पिशवीत होती. त्या ओळीखाली कोणीतरी निळ्या पेनानं रेघही मारली होती.

संध्याकाळी सायेबांनीही तेच सांगितलं. शाळा राज्यातलीच हवी, असा आसामचा नियम सुप्रीम कोर्टानं 2018 मध्येच उचलून धरलाय. चूक प्रवेश देणाऱ्यांची असती, पोरीचं नाव हक्काचं असून गाळलं असतं, आणि तुम्ही लगेच धावत आला असता, तर भांडता आलं असतं. 2019 च्या डिसेंबरात सुप्रीम कोर्टानं अशा पोरांसाठी पुढच्या वर्षीच्या सीटचीही वाट मोकळी केली. इथं तसं नाही. ‘‘ऑल इंडिया कोट्याच्या 15 टक्के सीटांत लढू द्या तिला. तिथं दहावी कोणी विचारत नाही. माझी फी वाचवा.’’

फी नको म्हणणारा वकील पाहून ते जास्तच घाबरले, असं मला वाटलं. कागद एकेक करून पिशवीत भरले. दहावीची मार्कशीट सगळ्यात शेवटी, घडी न पाडता.

दारातून परत फिरले. ‘‘लहाना पोरगा हाय. तोबी आजोळीच. आठवीत.’’

‘‘नववीला इकडे आणा,’’ मी म्हणालो.

जिना उतरता उतरताच त्यांनी सासऱ्यांना फोन लावला. ‘‘मामाजी, गोट्याचा दाखला काढा लागते,’’ एवढं वरपर्यंत ऐकू आलं.