गोणीतलं वायरिंग

गाडी रंगकामाहून परत आली तेव्हा मागच्या सीटच्या जागी खताची एक गोणी ठेवलेली होती आणि त्या गोणीत गाडीचं सगळं वायरिंग.

आमची अ‍ॅम्बॅसिडर १९६४ सालची, मार्क टू. बाबांनी १९७८ मध्ये ती सेकंडहँड घेतली आणि पुढची तीस वर्षं स्वतः चालवली. ते गेल्यावर ती शेडमध्ये उभी होती. पत्रा सडायला लागला तेव्हा मी ती डेंटिंग-पेंटिंगला दिली. तीन महिन्यांचं काम चौदा महिने चाललं. रंग मात्र सुरेख झाला, तो मी नाकारणार नाही. पण वायरिंग काढताना एकाही टोकाला चिठ्ठी नाही आणि स्क्रू ढिला करायचा कंटाळा आला तिथे सरळ पक्कड चालवलेली. याचा मला अजूनही राग आहे. गाडी द्यायच्या आधी बोनेट उघडून वीस फोटो काढून ठेवायला हवे होते. तेही मी केलं नव्हतं.

कोल्हापुरात जुलै म्हणजे गच्ची विसरायची. म्हणून हॉलमधला सोफा भिंतीला सरकवला आणि फरशीवर खडूने गाडी काढली. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर ९७ इंच, तेवढं मोजून चाकांच्या खुणा केल्या. मग डॅशबोर्ड, इंजिनमागचा पत्रा, हेडलाइट, डिकी. आईने विचारलं, "हे कधी पुसणार?" मी म्हटलं, "गाडी सुरू झाली की." त्यावर ती काही बोलली नाही.

गोणीतला मुख्य हार्नेस, म्हणजे वायरींची एकत्र बांधलेली जुडी, या खडूच्या गाडीवर पसरायला लागलो आणि एक गोष्ट लक्षात आली. पन्नास-साठ वर्षं एकाच जागी पडून राहिलेल्या वायरीला ती जागा अंगवळणी पडलेली असते. कुठे काटकोनात वाकलेली, कुठे क्लिपखाली चपटी झालेली, कुठे इंजिनच्या उष्णतेने ताठ झालेली. मी ती नुसती सैल सोडली तर ती आपणहूनच वळत होती. चपट्या खुणा खडूच्या पत्र्यावर नेमक्या बसल्या. डावी फांदी आखूड, उजवी लांब, कारण मधली जुडी एका बाजूने जाते. पहिल्याच संध्याकाळी निम्मी टोकं कुठली असावीत ते असं नुसतं पसरून कळलं.

नंतर रंग. या गाडीचं मूळ घराणं ब्रिटिश, मॉरिस ऑक्सफर्डचं, त्यामुळे वायरींचे रंग लुकास या ब्रिटिश कंपनीच्या पद्धतीचे. तपकिरी म्हणजे बॅटरीहून थेट आलेली, कायम जिवंत. पांढरी म्हणजे किल्ली फिरवल्यावर जिवंत होणारी. हिरवी तीच, पण फ्यूजमधून पुढे आलेली. जांभळी कायम जिवंत आणि फ्यूजवाली. निळी हेडलाइटची, लाल पार्किंग आणि टेललाइटची, काळी अर्थिंगची, म्हणजे करंट गाडीच्या पत्र्यातून बॅटरीकडे परत नेणारी. त्यावर दुसऱ्या रंगाची बारीक रेघ असते. निळ्यावर पांढरी म्हणजे अप्पर, निळ्यावर लाल म्हणजे डिपर. हिरव्यावर लाल डावा इंडिकेटर, हिरव्यावर पांढरी उजवा, हिरव्यावर जांभळी ब्रेकलाइट.

वाचायला हे सोपं आहे. हातात वायर घेतली की सगळ्याच मातकट दिसतात. तेल, धूळ, ऊन. मी रॉकेलच्या बोळ्याने पुसून पाहिलं, तर रेघच निघून यायला लागली. मग हार्नेसवरचं विणलेलं सुती आवरण टोकापासून दोन इंच मागे ब्लेडने हळूच उसवलं. आत, जिथे साठ वर्षांत उजेड पोचलाच नव्हता, तिथे वायरी कालच दुकानातून आणल्यासारख्या. निळी इतकी निळी की मी आईला बोलावून दाखवली. तेव्हापासून प्रत्येक फांदीचा तेवढाच तुकडा उसवायचा, रंग वाचायचा, दवाखान्यातल्या कापडी चिकटपट्टीवर लिहायचं आणि पुन्हा बांधायचं, असा क्रम ठरला.

रंग अजिबात लागेनासा झाला तर तारा मोजायच्या. आतल्या प्रत्येक तारेची जाडी सारखीच, पण साध्या दिव्यांच्या वायरीत १४ तारा, हेडलाइटला २८ आणि बॅटरीहून आलेल्या मुख्य तपकिरी वायरीत ४४. चष्मा लावून, टाचणीने एकेक तार बाजूला करत मोजल्या. वेळ लागतो, पण चूक होत नाही.

एवढा जपून का चाललो होतो, तेही सांगतो. या गाडीला फ्यूज दोनच. एक हॉर्न वगैरे कायम जिवंत गोष्टींसाठी, दुसरा वायपर, ब्रेकलाइट, इंडिकेटर यांच्यासाठी. हेडलाइटला फ्यूज नाही, टेललाइटला नाही, तपकिरी मुख्य वायरीला तर नाहीच. ती वायर कुठे पत्र्याला टेकली तर बॅटरी आपली सगळी ताकद तिच्यात ओतते. वायर आधी लाल होते, मग शेजारच्यांना घेऊन जळते. "लावून तर बघू" ही पद्धत या गाडीला चालत नाही.

मल्टिमीटरने टोकं जुळवायला घेतली तेव्हा पहिले दोन दिवस फसलो. जिथे लावावं तिथे बीप. सगळीकडेच शॉर्ट आहे असं वाटायला लागलं. दिव्यांचे होल्डर हार्नेसला तसेच लोंबत होते आणि त्यांच्यात बल्ब होते, हे लक्षातच आलं नाही. २१ वॅटच्या बल्बची तार थंड असताना तिचा रोध एक ओमच्याही आत असतो. मीटरला तो बल्ब आणि सरळ जोडलेली वायर यांत फरक कळत नाही. सगळे बल्ब काढून डब्यात ठेवले आणि निम्मे शॉर्ट जागच्या जागी नाहीसे झाले.

मीटर दुसऱ्या बाजूनेही फसवतो. ब्रेकलाइटची वायर दोन्ही टोकांना बीप देत होती. पण मी ठरवलं होतं की प्रत्येक वायरीतून बॅटरीवर २१ वॅटचा बल्ब पेटवूनच तिला पास करायचं. मी डॅशबोर्डाच्या टोकाला बॅटरी घेऊन बसलो, आई डिकीच्या टोकाला बल्ब घेऊन, पाटावर.

"आई, लागला?"

"लागलाय की."

"नीट लागलाय का?"

"नीट म्हणजे… देवघरातल्या समईएवढा."

बोटांनी वायर चाचपत गेलो. डिकीच्या बिजागरीशी जिथे ती रोज दुमडायची, तिथे आवरण तडकलं होतं. सोललं तर आत हिरवी बुरशी आल्यासारखं तांबं आणि १४ पैकी दोनच तारा शाबूत. मीटर बीपपुरता कणभर करंट पाठवतो, त्याला दोन तारा पुष्कळ झाल्या. बल्बला त्या पुरेनात. तेवढा तुकडा बदलला, डाग दिला, स्लीव्ह चढवली. मग आई आपणहून ओरडली, "आता बघ, डोळे दिपले!"

असं करत करत सगळं जुळलं आणि अकरा वायरी उरल्या. दोन्ही टोकं मोकळी, रंग कुठल्याच हिशेबात बसत नाहीत. त्या घेऊन मी शिवाजी उद्यमनगरात एका जुन्या वायरिंगवाल्या चाचांकडे गेलो. सत्तरी ओलांडलेली, पण अजून खाली वाकून डॅशबोर्डात डोकं घालतात. त्यांनी जुडी हातात घेतली, रंगांकडे बघितलंसुद्धा नाही, फक्त टोकं बघितली. "हे बघ," म्हणाले, "हे टोक कंपनीचं न्हवं. दाताने सोललंय." आणि खरोखरच, आवरण वेडंवाकडं कुरतडलेलं होतं. म्हणजे ही वायर कारखान्यातून आलेलीच नाही, नंतर कोणीतरी घातलेली. अकरापैकी नऊ वायरी त्यांनी अशा वेगळ्या काढल्या. उरलेल्या दोन कटआउटजवळच्या, म्हणजे डायनॅमो आणि बॅटरी यांना जोडणाऱ्या-तोडणाऱ्या आपोआप स्विचजवळच्या निघाल्या, जुळणीत तुटलेल्या मूळ वायरी. "रंगावरनं नाव द्यायचं नाही बाळा. दोन्ही तोंडं सापडली की मगच नाव." पैसे घेतले नाहीत.

नवातल्या दोन पिवळ्या फॉगलाइटच्या. बाबांची बदली सावंतवाडीला होती आणि पावसाळ्यात आंबोलीच्या धुक्यात बोनेटचं टोकही दिसायचं नाही. ते दिवे मला आठवत होते, कोणी कधी काढले ते नाही. चार टेप आणि स्पीकरच्या. दोन वायरी एकमेकींना पिळ घातलेल्या, घरच्या टेबलफॅनला असतात तसल्या, मागच्या सीटखालून डॅशबोर्डपर्यंत आलेल्या. त्यांचं काही केल्या उमजेना. आईने पोळ्या लाटता लाटता एकदाच वळून बघितलं. "ती आजीच्या पंख्याची. घाटात तिला मळमळायचं म्हणून बाबांनी मागे छोटा पंखा बसवला होता. विसरलास?" मी तीन दिवस ती वायर घेऊन फिरत होतो. आधी आईलाच विचारायला हवं होतं.

एक उरली. नऊ नंबर.

हार्नेस गाडीत चढवला. मग बॅटरी. त्या काळच्या अनेक ब्रिटिश घराण्याच्या गाड्यांसारखाच आमच्या गाडीत बॅटरीचा प्लस बॉडीला आहे, म्हणजे जिवंत बाजू मायनसची. सवयीने उलटं लावलं तर डायनॅमो आणि कटआउटची वाट लागते. म्हणून बॅटरीवर मोठ्या अक्षरांत लिहूनच ठेवलं. मायनसची जाड वायर थेट न लावता मध्ये २१ वॅटचा बल्ब घातला. सगळे स्विच बंद, दरवाजे बंद, किल्ली काढलेली. बल्ब विझलेला राहायला हवा.

तो लख्ख पेटला.

दोन्ही फ्यूज काढले, तरी लख्ख. म्हणजे बिघाड फ्यूजच्या अलीकडे, तपकिरी वायरीत, जिला वाचवणारं काहीच नाही तिच्यात. पोटात गोळा आला. बोनेटमध्ये वाकून हार्नेस इंच इंच हलवत गेलो. इंजिनमागच्या पत्र्याच्या भोकाशी हात लागला आणि बल्ब फडफडला. तिथे रबरी बुश नव्हता. जुना हातात घेताच भुगा झाला होता. नवा आणल्यावर घालू म्हणून मी हार्नेस तसाच ओढून घेतला होता, आणि नंतर राहूनच गेलं. पत्र्याच्या कडेने तपकिरी वायरीचं आवरण कापून तांबं उघडं पाडलं होतं. मध्ये तो बल्ब नसता तर महिन्याचं काम दोन मिनिटांत जळलं असतं आणि गाडीही गेली असती. तिथेच फरशीवर बसून राहिलो थोडा वेळ.

बुश आणला, वायर दुरुस्त केली, बल्ब विझला. बॅटरी थेट जोडली. पहिल्या खटक्याला पार्किंग, दुसऱ्याला हेडलाइट, शेडच्या भिंतीवर दोन पिवळे गोल. पायातला डिपर दाबला, गोल खाली आले. आईने टाळी वाजवली.

मागच्या बाजूला मात्र गंमतीचा प्रकार. डावा इंडिकेटर लावला की शेजारचा टेललाइटही त्याच्याबरोबर मिणमिणायचा. वायरींचा दोष नव्हता. नवा रंग इतका जाड बसला होता की दिव्याच्या स्क्रूखालून अर्थिंगच मिळेना. इंडिकेटरचा करंट घरी जायला दुसरी वाट शोधत टेललाइटच्या तारेतून लाल वायरीने उलटा निघाला होता. त्या सुरेख रंगावर पॉलिश पेपर घासताना जीव तुटला. आठ आण्याएवढी जागा उघडी केली, स्क्रू आवळला, वरून व्हॅसलीन लावलं. मिणमिण थांबली. मग दिव्यांचे सगळेच अर्थिंग स्क्रू तसेच घासून घेतले.

हॉलमधला खडू आईने स्वतःच पुसला. नऊ नंबरची वायर काळी आहे, १४ तारांची, एक टोक ड्रायव्हरच्या सीटखाली, दुसरं डॅशबोर्डात डावीकडे, दोन्ही दाताने सोललेली. आईलाही ती माहीत नाही. दोन्ही तोंडांना टेप मारली, वर चिठ्ठी लावली आणि होती तिथेच राहू दिली.