पत्र्यातल्या रेषा

गेल्या आठवड्यात पेनसिल्व्हेनियातल्या आमच्या टेस्टिंग लॅबमध्ये एका जुन्या बॉयलरच्या पत्र्याचा तळहाताएवढा तुकडा आला. मालकाला वेल्डिंग करून तो पुन्हा वाफेवर चालवायचा होता. ज्युनिअरने पॉलिश करून रिपोर्टचा मसुदाही लिहून ठेवला होता: ‘स्टील, अशुद्धी फार, सदोष.’

‘सदोष’ वाचून मी तुकडा पुन्हा मायक्रोस्कोपखाली घेतला. नायटल (नायट्रिक आम्ल आणि अल्कोहोल) लावल्यावर फेराइटचे, म्हणजे जवळजवळ शुद्ध लोखंडाचे, पांढरे कण उमटले आणि त्यांतून एकाच दिशेने गेलेल्या लांबच लांब काळ्या रेषा. पर्लाइट, म्हणजे स्टीलमधला कार्बनवाला काळपट भाग, जवळजवळ नाहीच. हे स्टील नव्हतंच, घडीव लोखंड होतं. त्या रेषा स्लॅगच्या, म्हणजे भट्टीतल्या काचेसारख्या मळीच्या. लोखंडात राहिलेली स्लॅग पत्रा लाटणाऱ्या रुळांखाली लोखंडाबरोबर लांबत जाते. रेषांच्या दिशेने असा पत्रा ताण चांगला सोसतो, आडवा ओढला की लवकर हार मानतो. कडेला एक कोपरा मोडून पाहिला, तर बांबू फोडल्यासारखे तंतू सुटले.

पोराला बोल लावणार नाही, कॉलेजात घडीव लोखंड एका तासात उरकतात. पण सॉफ्टवेअरच्या यादीत नसलेला धातू जवळच्या नावात कोंबायचा, ही सवय मला फार खटकते.

इथून जवळच, कोट्सव्हिलला, ब्रँडीवाइन ओढ्याच्या पाण्यावर चालणाऱ्या लोखंडाच्या गिरणीत रेबेका लुकन्सने बॉयलरचे पत्रे लाटले. 1825 मध्ये नवरा वारला तेव्हा ती 31 वर्षांची, गरोदर, डोक्यावर कर्ज. आणि ‘कोडोरस’ या अमेरिकेतल्या पहिल्या लोखंडी आगबोटीच्या पत्र्यांचं काम अंगावर. ते तिने पुरं केलं. 1837 च्या मंदीत माल उठेना, तेव्हा कामगारांना काढलं नाही. गिरणीच्या डागडुजीला आणि शेतावर लावलं, रोकड नसताना शेतमाल दिला. पत्रा फाटला की माणसं वाफेने भाजून मरत. 1852 च्या कायद्याने आगबोटींच्या बॉयलरच्या पत्र्यावर बनवणाऱ्याचा शिक्का सक्तीचा झाला.

आमच्या तुकड्यावर शिक्का नव्हता. पण रिव्हेटच्या भोकांवरून बॉयलरची लांबी कोणत्या बाजूला ते कळलं, आणि मी थांबलेच. रेषा घेराभोवती जात होत्या. वाफेचा दाब घेराच्या दिशेने लांबीच्या दुप्पट ताण देतो. ज्याने पत्रा बसवला, त्याने तो विचार करून बसवला होता.

मी ‘सदोष’ खोडलं. ‘घडीव लोखंड, तंतू योग्य दिशेने. गंजून निम्मा झालाय, दाबाखाली चालवू नये,’ असं लिहिलं. खाली मात्र ‘पास’ आणि ‘फेल’ या दोनच चौकटी. तिसरी मागितली, तर फॉर्म बदलता येणार नाही म्हणाले. ‘फेल’वर टिक करून सही केली. तुकडा अजून माझ्या टेबलावरच आहे.