भिंतीवरचं घड्याळ आणि लंबकाचं चित्र

सोलापुरी चादर मागावर चढण्याआधी तिची नक्षी चौकटीच्या कागदावर उतरते. एक चौकोन म्हणजे उभ्या-आडव्या धाग्याची एक भेट. त्यावरून पुठ्ठ्यांना भोकं पाडायची आणि ते मागावरच्या जेकार्डला, म्हणजे भोकं वाचून धागे उचलणाऱ्या यंत्राला, लावायचे. त्या कागदात सूत नसतं, ऊब तर नसतेच. सुताचा पीळ, रंगाचा उतार, धुतल्यावर आकसणं, सगळं खुशाल वगळलेलं. तरी फूल वाकडं आलं की आधी तोच कागद काढून बघतात.

लंबकाचं सूत्र हा असाच चौकटीचा कागद आहे. लांबीला गुरुत्वत्वरणानं (पृथ्वीच्या ओढीचं माप) भागा, वर्गमूळ घ्या, दोन पायनं (२π) गुणा, की एका हेलकाव्याचा वेळ हाती. त्यासाठी गोळा म्हणजे नुसता बिंदू, दोऱ्याला वजन नाही, हवा नाही आणि झोका अगदी लहान, एवढं मानून घ्यायचं. चारही गोष्टी धडधडीत खोट्या.

यावरून भांडण झालं ते १६०२ सालीच. झोका मोठा असो की लहान, वेळ सारखाच, असं गॅलिलिओचं म्हणणं. गुइदोबाल्दो देल मोन्ते हा यंत्रं जाणणारा माणूस. लंबकाच्या वाटेसारख्याच गोल घेरात त्यानं गोळे सोडून बघितले, वेळ काही जुळेना. पृष्ठभाग पुरेसा गुळगुळीत नसेल, असं गॅलिलिओनं पत्रातून कळवलं. गंमत म्हणजे मोठ्या झोक्यापुरता गुइदोबाल्दोच बरोबर होता. लंबक मधल्या रेषेपासून १० अंश गेला तर सूत्रापेक्षा वेळ ०.१९ टक्के जास्त लागतो, ३० अंशांना १.७ टक्के. दहा अंशांची ती चिमूट घड्याळात दिवसाला पावणेतीन मिनिटं होते. लंबकाचं घड्याळ बनवणाऱ्या हायगेन्सनं ती काढायला लंबकाच्या दोरीशेजारी चक्रजाच्या (फिरत्या चाकाच्या कडेवरचा बिंदू काढतो त्या वक्राच्या) आकाराचे गाल बसवले. गणित देखणं, पण व्यवहारात टिकली ती साधी युक्ती: लंबक लांब ठेवा, झोका चार-पाच अंशांत आवरा.

खोट्याची अशी किंमत काढता येते, म्हणूनच ते परवडतं. आणि सगळ्या किमती वजा करूनही हिशेब जुळला नाही, तर काहीतरी नवं सापडण्याची शक्यता असते. १६७२ मध्ये रिशे हा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ पॅरिसहून विषुववृत्ताजवळच्या कायेनला गेला. तिथे त्याचं घड्याळ दिवसाला सुमारे अडीच मिनिटं मागे पडू लागलं. उष्णतेनं दांडा लांबतो हे खरं, पण एवढा नाही. न्यूटननं त्या अडीच मिनिटांत पृथ्वीचा फुगीर मध्य वाचला: तिथे केंद्र लांब, ओढ कमी, म्हणून लंबक सावकाश. पॅरिसला लावलेलं तेच घड्याळ सोलापुरात आणलं, तर दिवसाला दोन मिनिटांच्या जरा आत मागे पडेल. आपण साडेसतरा अंश अक्षांशाच्या थोडं वर आहोत आणि समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटर उंच.

घरातल्या घड्याळाचा लंबक साधारण २५ सेंटिमीटर, अर्ध्या सेकंदाला एक टिक. लांबी एक मिलिमीटर बदलली की दिवसाचा फरक जवळजवळ तीन मिनिटं. लंबकाखालच्या नटाचे आटे अर्ध्या मिलिमीटरचे असतील, तर एक पूर्ण फेरा म्हणजे दीड मिनिट. नट वर चढवला की घड्याळ पुढे पळतं, खाली उतरवला की रेंगाळतं. एकदम दोन फेरे देऊ नका. अर्धा द्या आणि चोवीस तास थांबा. टिक-टॉक लंगडत असेल तर नटाला हातही लावू नका. पेटी वाकडी टांगली आहे. आवाज सारखा येईपर्यंत ती खालून जराशी सरकवायची.

पोलादी दांडा असेल तर सोलापूरचं ऊनही हिशेबात धरावं लागतं. डिसेंबरात खोली २२ अंशांवर आणि मे महिन्यात ३८ वर, म्हणजे दांडा ०.०५ मिलिमीटरनं लांबतो. वहीच्या कागदाच्या निम्मी जाडी. घड्याळ दिवसाला आठ सेकंद मागे, महिन्याला चार मिनिटं. लाकडी दांडा याला फारसा भीक घालत नाही. पोलादी असेल तर मे लागताच नट फेऱ्याचा दहावा हिस्सा वर, आणि जानेवारीतली गड्ड्याची जत्रा यायच्या आत पुन्हा तेवढाच खाली.